शिवेबाहेरचं सैमूर

पुण्यात माणसाला आधी आडनाव विचारतात, मग गाव विचारतात आणि एवढ्यानं समाधान झालं नाही की अगदी सहज आवाजात विचारतात, "गावात कुठं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला लहानपणापासून पाठ होती. तिसऱ्याचं कधीच आलं नाही. त्या एका उत्तरापायी मी साठी उलटल्यावर अरबी प्रवाशांच्या मागे लागले, असं सांगितलं तर लोक हसतात. हसू देत.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. गाव चौल, अलिबागच्या खाली, समुद्राकाठचं. माझे वडील, म्हणजे आबा, विशीच्या आत खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले, तेव्हा त्यांना आडनाव विचारलं गेलं. गावात त्यांना आडनावानं हाक मारायची कुणाला गरज पडली नव्हती. जातीनं भागत होतं. ऐन वेळी काही सुचेना म्हणून त्यांनी गावाचं नाव सांगितलं, त्याला 'कर' चिकटलं आणि आम्ही झालो त्या गावचे. गंमत बघा, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कुणी लावत नाही. गाव सुटलं की मग ते लागतं. त्या दिवसानंतर आबांनी त्या गावाचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. सही करताना यायचं तेवढंच.

मे महिना लागला की आमच्या क्वार्टर्स रिकाम्या व्हायच्या. कुणी साताऱ्याकडे, कुणी नगरकडे, कुणी पार केरळात. दाराला कुलपं. आईचं माहेर खडकीच्या बाजारामागेच, त्यामुळे आम्हाला जायला दुसरं गाव नव्हतं. जूनमध्ये पोरं परत यायची, उन्हानं काळवंडलेली, गुडघे फोडून घेतलेली, आणि सुरू व्हायची: आमच्या विहिरीत, आमच्या आंब्यावर, आमच्या म्हशीनं. माझ्याकडं 'आमच्या'पुढे लावायला काहीच नसायचं. एकदा मीही ठोकून दिलं, "आमच्या गावाला तर समुद्र आहे!"

"तू बघितलायस?"

"नाही."

"मग तुमचा कसा?"

घरी येऊन मी आबांना विचारलं, "आपण गावाला कधी जायचं?" आबा म्हणाले, "खडकी काय जंगल आहे?" संपलं. आबांशी बोलणं नेहमी असंच एका वाक्यात संपायचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तशी आमची गत. नावात गाव, आणि गावात आम्ही नाही. लग्न झाल्यावर मी आडनाव बदललं नाही, त्यावरून सासरी थोडी धुसफूस झाली. कुणाला वाटलं मी फार पुढारलेली आहे. छे! मला एवढंच वाटत होतं की हेही गेलं तर त्या गावाशी आपला शेवटचा धागा तुटला.

आबांच्या दोन गोष्टी मात्र ठरलेल्या होत्या. एक म्हणजे सुका जवळा. दर शनिवारी ते बाजारातून पुडा आणायचे, उभ्या उभ्या उघडून नाकाशी न्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. "छ्या! याला समुद्र लागलेलाच नाही." आई म्हणायची, "मग आणता कशाला?" पुढच्या शनिवारी पुन्हा पुडा, पुन्हा वास, पुन्हा छ्या. त्यांना कशाची आठवण येते हे घरात सगळ्यांना कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट त्यांचे बूट. काळे, लेसचे, रोज सकाळी पॉलिश केलेले. दूध आणायला बूट, दळण टाकायला बूट, खाली नळावर पाणी आलं का बघायलासुद्धा बूट. शेजारी चिडवायचे, "काय साहेब, आज परेड कुठं?" आई तर म्हणायची, "झोपताना तरी काढा, की उंदरांची परेड घ्यायचीय?" आबा कुणाला जुमानत नसत. मला वाटायचं, कारखान्याची शिस्त अंगात भिनलीय, दुसरं काय.

मी कोथरूडच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. तोवर आई गेली होती आणि आबा खडकीतच दोन खोल्यांत एकटे राहत होते. "तुमच्या कोथरूडात मला कोण ओळखतं?" म्हणून माझ्याकडे यायला तयार नव्हते. आणि मी रिकामी झाले, तशी दुपारच्या व्याख्यानांना जायला लागले. पुण्यात व्याख्यानांना तोटा नाही. फुकट असतं म्हणून गर्दी, आणि फुकट असूनही पंख्याबद्दल तक्रारी.

तर अशाच एका व्याख्यानात वक्ते आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांविषयी बोलत होते. हजारेक वर्षांपूर्वी अरब खलाशी, व्यापारी इकडे यायचे आणि त्यांच्याकडच्या भूगोलकारांनी आपल्या बंदरांची नावं लिहून ठेवली. खंबायत, सोपारा, संजाण, ठाणं. "आणि सैमूर," ते म्हणाले. "सैमूर म्हणजे आपलं चौल." लेण्यांतल्या शिलालेखांत या गावाचं नाव चेमुल असं येतं, अरबीत च नाही, म्हणून त्याचं झालं सैमूर, असं त्यांनी समजावलं. मी पेंगत होते, ताठ बसले. बाई गं! ज्या गावाचं नाव आमच्या घरात निघत नाही, ते बगदादपर्यंत पोचलं होतं?

संपल्यावर मी त्यांना गाठलं. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं.

"अरे वा! म्हणजे तुम्ही थेट सैमूरच्याच की! गावात कुठं? कुठल्या आळीत?"

"शिवेबाहेर," मी म्हणाले.

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे जरा इकडे तिकडे झाले. "हो का, हो का," म्हणाले, आणि कुणीतरी चहाला बोलावतंय असं त्यांना अचानक आठवलं. मी तणतणत बाहेर आले. पण खरं सांगते, मला त्यांचा एवढा राग नव्हता आला. मला राग आला होता तो माझ्या उत्तराचा. शिवेबाहेर म्हणजे तरी कुठं? शिवेला चार बाजू असतात. आमचं घर कुठल्या बाजूला होतं, दार कुठल्या दिशेला होतं, दारात काय होतं, हे सांगणारा जगात एकच माणूस उरला होता. तो पंच्याऐंशीचा झाला होता आणि तो ताकास तूर लागू देत नव्हता.

मग मी ग्रंथालय धरलं. अरबी मला कुठली येणार, पण त्या लेखनाची इंग्रजी भाषांतरं मिळाली. रोज सकाळी डबा घेऊन जायचे आणि सैमूर शोधत बसायचे. एखाद्या ठिकाणी दोन ओळी, एखाद्या ठिकाणी अख्खा परिच्छेद. तिथं ओमानचे, इराणातल्या सिराफ बंदराचे व्यापारी येऊन राहिले होते, बायकामुलं करून तिथलेच झाले होते आणि त्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच माणूस नेमलेला होता. गाव मोठं, नारळ भरपूर, मेंदी उगवते, लोक विडा खातात. आणि जागोजागी अंतरं: या शहरापासून त्या शहरापर्यंत इतक्या दिवसांची चाल. हसू नका, पण मला माहेर सापडल्यासारखं झालं. बसमध्ये शेजारच्या बाईला मी सांगितलं की आमच्या गावाला नारळ फार. पन्नास वर्षं उशिरा का होईना, 'आमच्या'पुढे लावायला काहीतरी मिळालं होतं.

एका रविवारी मी भाकरी आणि जवळ्याची चटणी घेऊन खडकीला गेले. मनात बेत पक्का होता. आबांना हे सगळं सांगायचं, त्यांना कळू दे की आपलं गाव केवढं होतं, मग ते खुलतील आणि घराची जागा सांगतील. आबा पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, जहाजं, व्यापारी, नारळ, विडा. त्यांनी मान वर केली नाही. पण पानही उलटलं नाही, हे मी बघत होते.

बऱ्याच वेळानं पेपराआडून आवाज आला, "आम्ही आहोत का त्यात?"

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे आम्ही. राजा असेल, व्यापारी असेल, तो निवाडा करणारा असेल. मेलेली ढोरं कोण ओढत होतं, ते लिहिलंय का त्यांनी?"

खरं म्हणजे मी ते शोधलंच नव्हतं. जहाजांच्या नादात माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुन्हा ग्रंथालय. आणि सापडलं, फार शोधावंही लागलं नाही. त्याच भूगोलकारांपैकी एकानं हिंदच्या लोकांचे सात वर्ग सांगितले होते. सगळ्यात वर ज्यांच्यातून राजे निवडले जातात ते, मग दारूला न शिवणारे ब्राह्मण, असं करत करत उतरत खाली. सहावे संदालिया. म्हणजे चांडाळ. काम: हलकी कामं. मी पुस्तक असं आपटलं की टेबलापलीकडच्या आजोबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कमाल आहे! समुद्रापलीकडे बसलेला माणूस, त्याला आमच्या राजाचं नाव नीट लिहिता येत नाही, गावाचं नाव नीट लिहिता येत नाही, पण आमची पायरी मात्र बरोबर कळली होती. माझं माहेर त्या दुपारी तिथंच संपलं. मी डबा न खाता घरी आले आणि स्वयंपाकघरात भांडी घासताना रडले.

आबांना काय सांगायचं? सापडलं नाही म्हणावं, असं वाटलं. पुढच्या रविवारी मी गेलेच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. आबा ऐकत होते. मग म्हणाले, "एवढं गोड बोलतेयस म्हणजे काहीतरी वाईट सापडलंय."

मग सांगितलं. सातांतले सहावे.

आबांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, झालं, आता हे दार कायमचं बंद. मलाच कुठून अवदसा आठवली!

"म्हणजे होतो," आबा म्हणाले.

"काय?"

"तेव्हाही होतो आम्ही तिथं." त्यांचा आवाज वेगळाच येत होता. "माझा बाप म्हणायचा, आपण गावाचे, पण गाव आपलं नाही. मरेपर्यंत हेच म्हणायचा. दीक्षा घेतल्यावर आम्ही ढोरं ओढायचं सोडलं, तसं आमचं दाणापाणी तुटलं. तेव्हा कुठल्या गावात वेगळं होतं? तेव्हाही बाप म्हणाला, गाव आपलं नव्हतंच, चला. आणि मी निघालो. आणि हा लांबून आलेला माणूस लिहून गेलाय की बाकीच्यांबरोबर हेही इथं राहतात. हजार वर्षं जो एका जागेवर राहतो, त्याची ती जागा नाही तर कुणाची गं?"

आबा आता थांबणार नव्हते.

"आणि मला एक सांग, तू शिकलेली आहेस. गलबत बंदराला लागलं की उतरणाऱ्याला पहिल्यांदा कोण भेटतो? राजा येतो धक्क्यावर? भटजी येतात? दोर धरायला आणि ओझी उचलायला जो येतो, तोच ना? मग हे गाव कुठलं, असं त्या अरबानं कुणाला विचारलं असेल?"

मी इतिहासाची शिक्षिका. याला काडीचा पुरावा नाही, हे मला कळत होतं. मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. पण त्या दुपारी मला पुरावा नको होता. आबा खिडकीबाहेर बघत होते आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते. मग त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं.

"चेऊल."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं. त्यांनी ते आमच्या पुस्तकी चौलसारखं नाही म्हटलं. लहानपणी म्हणत असतील तसं म्हटलं.

"आबा, घर कुठं होतं?"

"सांगून कळायचं नाही ते. पोराकडं गाडी आहे ना?"

पोरगा म्हणजे माझा मुलगा. हिंजवडीला कंपनीत आहे. त्याला सांगितलं तर म्हणतो, "आजोबा, त्या साईडला मी चार-पाच वेळा गेलोय, ऑफिसच्या ग्रुपबरोबर! बीचवर बनाना राइड मस्त आहे." आबा त्याच्याकडे बघतच राहिले. "आणि बोलला नाहीस?" "तुम्ही कधी विचारलंत?" तेही खरंच होतं. आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

निघालो. घाट उतरलो. अलिबाग मागे पडलं तसे आबा पुढे सरकून बसले आणि पाटी दिसायच्या आधी गावाचं नाव सांगायला लागले. आक्षी आता. आता नागाव. गावात कुणी वारलं की नातेवाइकांच्या गावी चालत जाऊन निरोप द्यायचं काम आमच्या लोकांकडे असायचं, आणि लहानपणी ते वडिलांबरोबर या वाटेनं चालले होते. "इथून तिथवर जायला सकाळ मोडायची," ते म्हणाले. मला ग्रंथालयातली ती अंतरं आठवली, इतक्या दिवसांची चाल, इतक्या दिवसांची चाल.

"थांबव," आबा एकदम म्हणाले.

रस्त्याच्या कडेला तारेचं कुंपण होतं, आत गवत आणि चार-पाच नारळाची झाडं. घर नाही, जोतंही नाही. मी विचारायच्या आत आबा खाली उतरले होते. कुंपणातून हात आत घालून त्यांनी बोट दाखवलं.

"इथं. दार समुद्राकडं होतं. चूल तिकडं. आई इथं जवळा वाळत घालायची, आणि मी कावळे हाकायला बसायचो."

इथं. एवढाच शब्द मला हवा होता. मी तार धरून उभी राहिले आणि रडले, साठी उलटलेली बाई, भर रस्त्यात. वारा येत होता, त्याला खारट वास होता, आणि खरोखर त्या वासापुढं खडकीच्या बाजारातला जवळा म्हणजे काहीच नव्हता. मला आईची आठवण आली. तिला हे सांगायला हवं होतं, की ते दर शनिवारी कशाला आणायचे.

डोळे पुसून बघते तर आबा पुढे गेलेले. रस्ता जिथं वळून गावात शिरत होता, तिथं एका दगडाला टेकून ते वाकले होते. मला वाटलं चक्कर आली. धावत गेले. चक्कर नव्हती. त्यांनी एका बुटाची लेस सोडली होती आणि टाच निम्मी बाहेर काढली होती.

"खडा गेला का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"इथून पुढं वहाणा हातात घ्यायच्या असायच्या," ते म्हणाले. "हात आपोआप गेला गं."

मला एकदम सगळं दिसलं. दूध आणायला बूट, दळण टाकायला बूट, नळावर बूट. आबांनी पाय पुन्हा बुटात सारला, पण लेस बांधायला त्यांना परत वाकवेना. मी रस्त्यातच फतकल मारली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"घट्ट बांध," आबा म्हणाले. "बंदरापर्यंत जायचंय."

मी दोन्ही बुटांना दुहेरी गाठी मारल्या. आबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन सरळ झाले आणि गावाकडं चालायला लागले, रस्त्याच्या मधून. मागून एका गाडीनं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. आबा बाजूला झाले नाहीत.